जुनी पेटी दुरुस्त करून विकायची आहे? सूर, भाता, किंमत आणि व्यवहार समजून घ्या

'जुनी पेटी विकणे आहे. पॅरिस सूर, डबल लाईन, कंडिशन एक नंबर. वाजवणाऱ्यांनीच संपर्क करावा.'

भजनी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा धर्तीचा मेसेज तुम्हीही पाहिला असेल. खाली दोन फोटो असतात, एक बंद पेटीचा आणि एक उघड्या पेटीचा. पॉलिश चकचकीत असतं. पण या मेसेजमधून घेणाऱ्याला नेमकं काय कळतं? फारसं काहीच नाही. पेटीची खरी किंमत ज्या भागांवर ठरते, ते भाग फोटोत दिसतच नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न अनेकांच्या जवळचा आहे. जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि वणीपासून उमरखेडपर्यंत गावोगावी भजनाची परंपरा आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांच्या खंजिरी भजनांनी वऱ्हाडातल्या गावांना एकत्र बसून गायला लावलं. सामुदायिक प्रार्थना, काकडा, सप्ताह, गणेशोत्सव, अशा सगळीकडे पेटी लागते. नवी चांगली पेटी प्रत्येकाला परवडत नाही. मंडळाची पेटी तर बहुतेक वेळा वर्गणीतूनच येते. म्हणून जुनी पेटी दुरुस्त करून एका वादकाने दुसऱ्याला देणं हा व्यवहार नेहमीचा आहे. तो फसला तर पैसे एकट्याचे जात नाहीत, सगळ्या मंडळाचे जातात.

पेटी विकणाऱ्याने काय सांगावं आणि घेणाऱ्याने काय तपासावं, हे एकेक करून पाहूया.

पेटी वाजते कशी?

पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांना आपण 'सूर' किंवा 'रीड' म्हणतो. प्रत्येक पट्टीचं एक टोक पक्कं बसवलेलं आणि दुसरं मोकळं असतं. भात्यातून आलेली हवा पट्टीजवळच्या फटीतून जाते, मोकळं टोक थरथरतं आणि स्वर निघतो.

बाहेरचा भाता आपण हाताने हलवतो. तो हवा आत घेतो आणि पोटातल्या दुसऱ्या भात्यात ढकलतो. त्या आतल्या भात्याला स्प्रिंग असतात, त्यामुळे हवेचा दाब टिकून राहतो. आपण वाजवताना हात क्षणभर थांबवला तरी सूर तुटत नाही, तो यामुळेच.

हवेवर थरथरणाऱ्या मोकळ्या पट्टीची कल्पना मूळची आशियातली. चीनमधलं शेंग हे वाद्य याच तत्त्वावर चालतं आणि ते फार जुनं आहे. युरोपात १९व्या शतकात या कल्पनेतून अनेक वाद्यं निघाली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४०च्या दशकात पायाने भाता मारायच्या वाद्याचं पेटंट घेतलं आणि त्याला 'हार्मोनियम' हे नाव दिलं. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास ते हाताने भाता मारून, जमिनीवर बसून वाजवता येईल असं केलं. आपली पेटी ती हीच.

कॉन्सर्टिनावाल्यांकडून काय शिकता येईल?

याच कुळातलं आणखी एक वाद्य म्हणजे कॉन्सर्टिना. सहा कोनी, दोन हातांत मावणारं, मधे भाता आणि दोन्ही बाजूंना बटणं. ते लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टोन यांनी बनवलं. बारावीच्या भौतिकशास्त्रात 'व्हीटस्टोन ब्रिज' शिकलात ना, तेच हे व्हीटस्टोन.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या कॉन्सर्टिना आजही वाजवल्या जातात आणि दुरुस्त होऊन एका वादकाकडून दुसऱ्याकडे जातात. तिथे विकणाऱ्याला ठरावीक प्रश्न विचारले जातात. बटणं किती? सूर पितळी की पोलादी? भात्याला घड्या किती? भाता मूळचा की नवा? आणि सूर आजच्या पट्टीला लावलेत की जुन्याच पट्टीत आहेत?

शेवटच्या प्रश्नामागे इतिहास आहे. आज मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० कंपनांना लावतात. हा आकडा १९३९ साली लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाला. त्याआधी १९व्या शतकात इंग्लंडमध्ये वाद्यं ४५२ कंपनांपर्यंत चढी लावली जात. अशी जुनी कॉन्सर्टिना आजच्या वाद्यांसोबत वाजवली तर बेसूर वाटते, मग ती कितीही सुंदर असो.

व्हीटस्टोन कंपनीच्या जुन्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. त्यामुळे वाद्यावरच्या क्रमांकावरून ते कधी बनलं हे शोधता येतं. आपल्याकडच्या बहुतेक पेट्यांना असा दाखला नसतो. म्हणूनच पेटी कुठे आणि कधी दुरुस्त झाली याची माहिती विकणाऱ्याने स्वतः द्यायला हवी.

'पॅरिस', 'जर्मन', 'पालिताणा' म्हणजे काय?

जुन्या पेट्यांच्या बाजारात हे तीन शब्द सर्रास ऐकू येतात. पॅरिस आणि जर्मन म्हणजे पूर्वी तिथून येणारे सूर. पूर्वी भारतात बनणाऱ्या चांगल्या पेट्यांमध्ये आयात केलेले सूर बसवत. पुढे ही आयात बंद पडत गेली आणि देशी सुरांचा वापर वाढला. गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यातलं पालिताणा हे गाव जैन तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. पेटीवाल्यांमध्ये मात्र ते सुरांसाठी ओळखलं जातं.

मग जुनी पेटी म्हणजे पॅरिस सूर असं धरायचं का? नाही. अनेक पेट्यांमध्ये दुरुस्तीच्या वेळी तुटलेले सूर बदललेले असतात. ३७ पट्ट्यांच्या दुहेरी सुरांच्या पेटीत ७४ सूर असतात. त्यातले पाच-सात नंतर बसवलेले असू शकतात. तसं असणं हा दोष नाही. ते लपवणं हा दोष आहे. आणि नीट लावलेले पालिताणाचे सूर हे झिजलेल्या, वेडेवाकडे घासलेल्या पॅरिस सुरांपेक्षा केव्हाही चांगले.

सूर झिजतो म्हणजे काय?

पट्टीचं मोकळं टोक किंचित घासलं की ते हलकं होतं आणि सूर चढतो. पक्क्या टोकाजवळ घासलं की पट्टी लवचीक होते आणि सूर उतरतो. पेटी सुरात लावताना कारागीर हेच करतो. म्हणजे प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो, आणि गेलेला धातू परत येत नाही. वारंवार आणि निष्काळजीपणे घासलेला सूर अखेर तुटतो किंवा आवाज सोडतो. म्हणून 'नुकतीच ट्यूनिंग केली आहे' हे वाक्य ऐकल्यावर 'कोणी केली आणि याआधी किती वेळा झाली?' हे विचारायलाच हवं.

विकण्याआधी काय दुरुस्त करावं?

आधी हवा, मग सूर, शेवटी पॉलिश. हा क्रम बदलू नका.

भाता: घड्यांच्या कोपऱ्यावरचं चामडं आधी फाटतं. तिथून हवा गेली तर वादकाचा हात दुखतो आणि पेटीचा आवाज बसतो. गळती असताना सूर लावले तर दाब सारखा राहत नाही आणि मेहनत वाया जाते.

पट्ट्यांखालचं चामडं आणि लोकर: पट्टी सोडल्यावर हवेचं भोक बंद करणारा हा थर असतो. तो कडक झाला किंवा त्याला कसर लागली की पट्टी न दाबताही सूर वाजत राहतो.

लाकूड: जुन्या पेट्यांचं अंग बहुधा सागवानी असतं. यवतमाळच्या जंगलात साग आहे, त्यामुळे हे लाकूड इथल्या सुतारांच्या हातातलं आहे. बाहेरचं अंग, झाकण, तळाची फळी ही कामं गावात होऊ शकतात. पण ज्या पाटीवर सूर बसवलेले असतात तिला मात्र पेटीच्या कारागिराशिवाय कोणी हात लावू नये. तिथे बारीकशी चीर पडली तरी हवा एका सुरातून दुसऱ्यात जाते.

पॉलिश: हलकं करा. आत पॉलिशचा थेंबही जाऊ देऊ नका. पट्ट्यांच्या कडांना पॉलिश लागलं तर त्या चिकटतात.

हवामानही लक्षात घ्या. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि लगेच पावसाळ्याची ओल येते. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, सांधे सुटतात. पावसाळ्यात ते फुगतं, पट्ट्या अडकतात. मे महिन्यात छान वाजलेली पेटी जुलैमध्ये अडू शकते. म्हणून दुरुस्तीनंतर लगेच विकण्याऐवजी पेटी काही आठवडे रोज वाजवा. नवं चामडं बसतं, सूर स्थिरावतात आणि राहिलेलं काम तुमच्याच हातात असताना कळतं.

किंमत कशी ठरवायची?

'आजोबांच्या काळातली आहे' म्हणून पेटीची किंमत वाढत नाही. आजोबांचं मोल घरच्यांना. घेणारा पेटी वाजवायला घेतो.

किंमत ठरवायला तीन आकडे लागतात. पहिला, तशाच सुरांच्या ओळींच्या आणि तितक्याच पट्ट्यांच्या नव्या पेटीची आजची किंमत. ती दोन दुकानांतून विचारून घ्या. दुसरा, तुमच्या पेटीत अजून जे काम बाकी आहे त्याचा कारागिराने सांगितलेला खर्च. तो नव्याच्या किमतीतून वजा करा. तिसरा, तुम्ही दुरुस्तीवर केलेला खर्च. इथेच अनेकांचा गोंधळ होतो. दुरुस्तीला जेवढे पैसे लागले तेवढे किमतीत चढवता येतीलच असं नाही. भाता आणि सूर यांवरचा खर्च घेणाऱ्याच्या उपयोगाचा असतो, म्हणून तो बऱ्यापैकी वसूल होतो. नक्षी, पॉलिश आणि नवे खटके यांवरचा खर्च फारसा होत नाही.

मूळ सूर, चांगला आवाज आणि नामांकित बनावट असेल तर किंमत वर जाते. पण बनावटीचं नाव सांगायचं तर पेटीवरचा शिक्का किंवा पाटी दाखवता आली पाहिजे.

कोणाला विकताय हे आधी ठरवा

एकच पेटी सगळ्यांच्या कामाची नसते.

भजनी मंडळाला मोठा, भरदार आवाज हवा असतो. मंदिरात टाळ, मृदंग किंवा ढोलकीपुढे पेटी ऐकू आली पाहिजे. खर्ज आणि नर अशा दोन ओळींची दणकट पेटी तिथे चालते. ती बैलगाडीपासून जीपपर्यंत कशातूनही फिरणार, हेही गृहीत धरावं.

शिकणाऱ्याला हलकी पट्टी, कमी वजन आणि नीट सुरात असलेली साधी पेटी पुरते. त्याला महागडी जुनी पेटी गळ्यात मारणं बरं नाही.

शास्त्रीय गायनाला साथ करणारा वादक सुरांच्या लावणीबद्दल विचारेल. साध्या पेटीत सप्तकाचे १२ सूर समान अंतरावर लावतात, त्यामुळे कोणत्याही पट्टीतून गाता येतं. पण रागातले काही स्वर त्यामुळे किंचित हलतात. पेटीवर टीका झाली ती मुख्यतः यावरून आणि तिच्यावर मींड निघत नाही यावरून. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि १९७१पासून ती अंशतः उठवली. तरीही गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी मराठी मैफिलीत पेटीचं स्थान पक्कं केलं. नागपूरच्या मनोहर चिमोटे यांनी तर तिला स्वरमंडळाची जोड देऊन 'संवादिनी' म्हणून एकल वादनाचं वाद्य बनवलं.

काही वादक ठरावीक सा धरून पेटी नैसर्गिक स्वरांवर लावून घेतात. त्याला 'गांधार ट्यूनिंग' म्हणतात. तुमची पेटी अशी लावलेली असेल तर ती कोणत्या पट्टीसाठी लावली आहे हे आवर्जून सांगा. काळी एकसाठी लावलेली पेटी पांढरी चारमध्ये गाणाऱ्या मंडळाला खटकेल, आणि दोष पेटीचा नसताना भांडण होईल.

घेणाऱ्याने १५ मिनिटांत काय तपासावं?

१. सगळे खटके बंद करून भाता मारा. हाताला घट्ट विरोध जाणवला पाहिजे. भाता सहज मिटत असेल तर गळती आहे.

२. खटका उघडा, पट्टी दाबू नका. कोणताही सूर आपोआप वाजता कामा नये.

३. एक खटका उघडा ठेवून पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत प्रत्येक सूर हळू वाजवा. हलक्या दाबावर सूर उशिरा बोलतो का, झिणझिणतो का ते ऐका. मग दुसऱ्या ओळीसाठी हेच करा.

४. दोन्ही ओळी एकत्र वाजवा. एकाच उंचीचे दोन सूर किंचित वेगळे असतील तर आवाजात लाट ऐकू येते. एक सूर ४४० आणि दुसरा ४४२ कंपनांचा असेल तर सेकंदाला दोन लाटा येतात. काहींना थोडी लाट आवडते, पण ती सगळ्या पट्ट्यांवर सारखी हवी.

५. मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप उघडा. पांढरी सहा सप्तकानुसार २२०, ४४० किंवा ८८०च्या जवळ दिसली पाहिजे. मंडळात बासरी किंवा कीबोर्ड असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

६. विकणाऱ्याच्या परवानगीने वरची फळी उघडून आत पाहा. वेगळ्या रंगाचे सूर, डिंकाचे थर, उंदराने कुरतडलेलं चामडं, चिरा, सगळं दिसतं.

७. शेवटी नेहमीचं भजन नेहमीच्या पट्टीत म्हणा. अ‍ॅपपेक्षा मंडळाचा कान मोठा.

विकणाऱ्याने या तपासणीचा राग मानू नये. उलट 'दोन दिवस घेऊन जा, मंदिरात वाजवून बघा' असं म्हणता आलं तर उत्तम. अशा वेळी थोडी अनामत घ्या आणि परतीची तारीख लिहून ठेवा.

कागदावर काय लिहावं?

ओळखीत कसला कागद, असं आपण म्हणतो. पण ओळख टिकवायची असेल तर कागद हवाच. एका पानावर एवढं पुरे:

'३७ पट्ट्या, दुहेरी सूर, खर्ज-नर. बाहेरच्या भात्याचं चामडं नवीन. आतला भाता मूळचा. सहा सूर बदलले, बाकी मूळ. समान अंतराची लावणी, ४४० प्रमाणे. दोष: वरच्या सप्तकातली शेवटची पट्टी हलक्या दाबावर उशिरा वाजते. घेणाऱ्याने वाजवून पाहिली आहे.'

खाली किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या.

या कागदाला कायद्याचाही आधार आहे. माल विक्री अधिनियम, १९३० नुसार विकणाऱ्याला ती वस्तू विकण्याचा हक्क असावा लागतो, आणि वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळावी लागते. 'पॅरिस सूर' लिहून दुसरे निघाले तर घेणाऱ्याची तक्रार उभी राहते. पण वर्णनच नसेल तर वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी बहुतांशी घेणाऱ्यावर येते. शिवाय ग्राहक आयोगाचा मार्ग मुख्यतः व्यापारी आणि सेवा देणाऱ्यांविरुद्ध आहे. वादकाने वादकाला एकदाच विकलेल्या पेटीसाठी तो सहसा उपयोगी पडत नाही.

हक्काचा मुद्दा दोन ठिकाणी अडतो. पेटी मंडळाची असेल तर बैठकीत ठराव करूनच विका. वडिलोपार्जित असेल तर भावंडांना आधी विचारा. पेटी गेल्यानंतर उठणारा वाद सुरांपेक्षा जास्त दिवस वाजतो.

दोन गोष्टींत कायदा आड येऊ शकतो

पहिली, हस्तिदंत. काही फार जुन्या, विशेषतः परदेशी वाद्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंताचा पातळ थर असू शकतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री करता येत नाही, वस्तू कितीही जुनी असली तरी. बहुतेक पेट्यांवर सेल्युलॉइड किंवा प्लास्टिकच असतं. तरीही शंका असेल तर विकण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा.

दुसरी, वय. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला किंवा ग्राहकाला फार जुनी पेटी पाठवणार असाल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करा.

पैसे आणि प्रवास

ऑनलाइन जाहिरात टाकली की पेटी न बघताच 'लगेच घेतो, आगाऊ पैसे पाठवतो' म्हणणारे फोन येऊ शकतात. मग क्यूआर कोड येतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं जातं. लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर कळवा. आणि जो पेटी वाजवून बघायची गोष्टच काढत नाही, तो वादक नाही हे ओळखा.

पेटी नेताना भात्याची कडी लावा, पट्ट्यांवर जाड मऊ कापड ठेवून झाकण बंद करा, जेणेकरून त्या उसळणार नाहीत. एसटीत नेत असाल तर शेजारी ठेवा. उन्हात उभ्या गाडीत पेटी ठेवू नका, उष्णतेने सांध्यांचा डिंक सुटतो. पोहोचल्यावर एक दिवस तशीच राहू द्या आणि मग वाजवा.

थोडक्यात

विकणाऱ्याने काय बदललं, काय मूळ आहे आणि काय अजून बिघडलेलं आहे, हे तीनही सांगावं. घेणाऱ्याने पॉलिश न बघता हवा आणि सूर बघावेत. दोघांनी मिळून अर्धा तास पेटी वाजवावी आणि एका कागदावर सही करावी. दोष आधी सांगितला तर किंमत थोडी कमी येईल. पण पेटी जिल्ह्यातच राहणार, पुढच्या सप्ताहात कुठल्यातरी मंडपात भेटणार, तेव्हा समोरच्याने हाक मारून पेटीपाशी बसवावं, असा व्यवहार झालेला बरा.